वादळाआधीचे दोन दिवस

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मराठवाड्यातील चर्चा ओला दुष्काळ, पंचनामे आणि हेक्टरी मदत यांभोवती फिरली. ह्यूस्टनमध्ये बसून ती वाचताना, पुरात दवाखाने चालू कसे राहावेत हा प्रश्न मला तिच्यात फारसा दिसला नाही, आणि याचे मला मनापासून दुःख आहे.

वादळ हा किनारपट्टीचा विषय, असे आपण धरून चालतो. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेषच पुढे मराठवाड्यावर बरसले आणि मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. मधला दीड-दोन दिवसांचा अवधी आपल्या हातात होता.

तेवढ्या वेळात इथली, ह्यूस्टनची रुग्णालये डायलिसिसच्या रुग्णांना ठरल्या दिवसाआधीच बोलावून घेतात, थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, डिझेल भरून जनरेटर प्रत्यक्ष भारावर चालवून पाहतात. वादळभर आवारातच मुक्काम करणारी एक तुकडी असते आणि पाणी ओसरल्यावर तिला मोकळे करणारी दुसरी; दोन्हींतली नावे वादळांच्या हंगामापूर्वीच ठरलेली असल्यामुळे आपली मुले त्या दिवसांत कोणाकडे राहतील, याची सोय परिचारिकेला वेळेत करता येते.

हे शहाणपण नुकसान सोसून आलेले आहे. जून २००१ मध्ये ‘ॲलिसन’ वादळात इथल्या एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर उंचावर सुरक्षित होते, पण वीज वळवणारी यंत्रणा तळघरात बुडाली आणि शेकडो रुग्ण अन्यत्र हलवावे लागले. त्यानंतर ते रुग्णालय ज्या वैद्यकीय संकुलात आहे, तिथे पूररोधक दरवाजे बसले आणि २०१७ च्या ‘हार्वे’मध्ये तिथली बहुतेक रुग्णालये चालू राहिली.

‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर पूररोधक दरवाजांपुरते खरे आहे. विजेचे पॅनेल तळमजल्यावरून वर नेणे मात्र जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातले आहे. करोनाकाळात उभारलेले ऑक्सिजन प्रकल्प हवेतून प्राणवायू काढतात खरे, पण विजेवर. म्हणून भरलेले जंबो सिलिंडर जवळ हवेतच. शिवाय आपल्याकडे आशाताई आहेत. गावात कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे त्यांच्या वहीत लिहिलेले असते, आणि अशी घरोघरची माहिती मला इथे कोणाकडे दिसली नाही. दुर्गम आदिवासी भागांत माहेरघर योजनेतून गरोदर महिलांना प्रसूतीपूर्वीच आरोग्य केंद्रात आणून ठेवतात. सिंदफणा, मांजरा, तेरणा यांच्या काठच्या गावांसाठी ऑरेंज अलर्ट येताच तीच सोय लागू व्हावी आणि तिची जबाबदारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांवर लेखी असावी, अशी माझी मागणी आहे.