कट्ट्यावर न बोलता येणारं

आमच्या दहावी ९२च्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी सुविचार, म्युच्युअल फंड आणि गुडघेदुखी यांवर चालतो. मागे एकदा चाकणच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मित्राने लिहिलं, की झोप लागत नाही, घरच्यांवर उगाच खेकसतो, म्हणून काउन्सेलरकडे जायला लागलोय. ग्रुप पेटला. ‘अरे, आम्ही काय मेलो का?’ ‘शनिवारी फार्महाउसवर ये, सगळं बाहेर काढू.’ ‘इगतपुरीला दहा दिवस विपश्यना कर.’ ‘आपल्या बाबांनी कुठे घेतली होती थेरपी?’ आणि मग बोट माझ्याकडे वळलं. ‘हे सगळं तिकडचं फॅड. तिकडे माणसं नाहीत, म्हणून ऐकणारा भाड्याने घ्यावा लागतो.’

मी तिकडची. माहेर मिरजेचं, पण संसार आणि नोकरी इंग्लंडात, रेडिंगला. ग्रुपवर एवढं मोठं लिहिलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी बाबांचं. त्यांनी थेरपी घेतली नाही हे खरं. संध्याकाळी बाबा घरात शिरले की घरातला आवाज बंद व्हायचा, हेही खरं. आमच्या आयांची डोकेदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढली गेली आणि तिला सोशिकपणा म्हणून वाखाणलंही गेलं. ती पिढी निभावून गेली असं म्हणताना त्या निभावण्याची किंमत घरात कुणी मोजली, तेही आठवावं.

पन्नाशीच्या अलीकडचा हा काळ जड असतो, हे काही नवीन नाही. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर या अर्थशास्त्रज्ञाने २०२० मध्ये १३२ देशांची आकडेवारी मांडली. त्यात माणसाचं समाधान सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिशीच्या आसपास तळाला गेलेलं दिसलं, श्रीमंत देशांत आणि गरीब देशांतही. त्याच्या निष्कर्षांवर वाद आहेत. पण बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही चाळीस ते एकोणपन्नास हाच वयोगट अधिक ग्रासलेला आढळला होता. भारतात बायकांची पाळी सरासरी सत्तेचाळिशीच्या आतबाहेर जाते. म्हणजे मुलांची बारावी, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी आणि हॉट फ्लशेस एकाच वर्षात. त्यावर घरातला शेरा काय, तर ‘ही हल्ली फार चिडकी झालीय.’

मीही थेरपी घेतली. माझं निमित्त म्हणजे रात्री वाजणारा फोन. आई-बाबा ऐंशीला टेकलेले, भारताचं घड्याळ आमच्या पुढे, त्यामुळे तिथली पहाट माझ्या मध्यरात्री उगवते. फोन वाजला नाही तरी मी जागी असायचे, वाजेल म्हणून. इंग्लंडमध्ये चिंता आणि नैराश्यासाठी एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, मोफत सेवा आहे, टॉकिंग थेरपीज. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आपण स्वतःच नाव नोंदवायचं. आधी एक प्रश्नावली येते. झोप, भूक, थकवा, मरणाचे विचार असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. इन्कम टॅक्सचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. कोरडेपणाचा रागच आला होता मला.

थेरपिस्ट म्हणून समोर आली ती यॉर्कशरची एक तरुण मुलगी. मिरज कुठे आहे, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने मला चिंतांचे दोन ढीग करायला लावले. ज्यावर आज काही करता येतं ते एकीकडे: बाबांच्या गोळ्यांची यादी, रात्रीच्या मावशींची सोय, शेजाऱ्यांकडे किल्ली. आणि ‘समजा असं झालं तर’ या जातीचं सगळं दुसरीकडे. दुसऱ्या ढिगासाठी संध्याकाळची वीस मिनिटं ठरवून द्यायची. रात्री दोनला त्यातलं काही आलं तर कागदावर लिहायचं आणि म्हणायचं, उद्या सहा वाजता. ऐकायला पोरकट वाटतं. काही आठवड्यांनी झोप लागायला लागली.

पण खरं काम झालं ते वेगळ्याच ठिकाणी. मिरजेचं सगळं माझी धाकटी बहीण बघते. दवाखाना, लाइट बिल, बाबांचा हट्ट, सगळं. आणि मला कधी कधी सुटल्यासारखं वाटतं, आपण इथे आहोत म्हणून बरं वाटतं. हे मी बहिणीला सांगू शकत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच तिकीट काढायला बसतो. मैत्रिणीला सांगितलं तर ते चार दिवसांत मिरजेत पोचेल. आपल्याकडे माणसं भरपूर आहेत, खरंच आहेत, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण त्या प्रकरणात पक्षकार आहे. फार्महाउसवर सगळं बाहेर काढू म्हणणाऱ्या मित्राची मेहुणी आपल्या मित्राच्याच बायकोबरोबर भिशीत असते. तिथे तो काय बाहेर काढणार? दोन पेग आणि राजकारण.

कट्टा नको असं मी म्हणत नाही. रेडिंगला कट्टा नाही याचं दुःख मला दर गणपतीत होतं. शिवाय ती यॉर्कशरची मुलगी सगळ्याच बाबतीत बरोबर नव्हती. आईला रोज फोन कशाला, आठवड्यातून एकदा ठरवून घ्या, असं तिने सुचवलं. ते मी सोडून दिलं. तो फोन ओझं नव्हता, दिवसातली बरी वेळ होती, हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं असं मला वाटत नाही. ही सेवा मोजकीच सत्रं देते, अनेक लोक मधेच गळतात, आणि कोर्स पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे बरे होतात. तरीही ती २००८ पासून टिकलीय. तिच्या मागे रिचर्ड लेयर्ड नावाचा अर्थशास्त्रज्ञ होता. माणसं बरी होऊन कामावर परतली तर उपचारांचा खर्च वसूल होतो, हा हिशेब त्याने डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाबरोबर सरकारपुढे मांडला. करुणेला जे जमलं नव्हतं ते हिशेबाला जमलं.

मग हे आपल्याकडे चालणार नाही, हे कशावरून? गोव्यातल्या संगात या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्याबरोबर हेच प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. भर अगदी साध्या गोष्टीवर होता: नैराश्यात माणूस एकेक काम, एकेक भेट सोडत जातो, ती थोडी थोडी पुन्हा सुरू करायची. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. मोजायला वापरली ती तीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली, जिचा मला राग आला होता. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच माणसांना असं ऐकायला शिकवलं. पेठ म्हणजे काही लंडन नव्हे.

माझी खरी शंका वेगळीच आहे. नारायण मूर्तींचे आठवड्याचे सत्तर तास, एल अँड टीच्या अध्यक्षांचे नव्वद तास, यावर तुम्ही लोक ग्रुपवर तावातावाने भांडलात. उद्या कंपन्या म्हणतील, तास तेवढेच ठेवू, वर एक काउन्सेलिंगचं ॲप देऊ. चाकणच्या मित्राचं निम्मं दुखणं शिफ्टमध्ये आणि वरिष्ठांच्या रात्री अकराच्या फोनमध्ये असेल, तर कुठल्याही काउन्सेलरने त्याला ते सोसायला शिकवू नये. चांगला असेल तर शिकवणारही नाही.

आणि पैसे. तो तासाला हजार-दीड हजार मोजतो. त्याला परवडतं. त्याच्या लाइनवरच्या पंचेचाळीस वर्षांच्या ऑपरेटरला १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. आमच्या ग्रुपवर इतकी भांडणं झाली, त्यात तो कुणी टाकलेला मला दिसला नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळावा असं स्पष्ट लिहिलंय. पण बहुतेक मेडिक्लेममध्ये ओपीडीच बसत नाही, कशाचीच नाही. त्यामुळे समान वागणूक म्हणजे दोन्ही आजारांना शून्य. माणूस ॲडमिट होण्याइतका कोसळला तर पैसे, त्याआधी सहा बैठकांत सावरत असेल तर नाही. ग्रुपवर चार जण एचआरमध्ये आहेत आणि एक विम्यात. थेरपी आपल्या संस्कृतीत बसते का ते राहू दे, पुढच्या वर्षीच्या ग्रुप पॉलिसीत ती बसवता येते का, एवढं त्यांनी सांगावं.