तिला बोलू द्या की!

आजच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीवरून आले आणि डोकं अजून शांत झालेलं नाही. म्हणून लिहितेय. लांबेल, माफ करा.

विषय होता स्नेहसंमेलनाचा. मांडव कुणाचा, साऊंड कुणाचा, पाहुणे कोण, आणि कुणाला बोलावलं नाही तर कोण रुसेल, यातच सगळा वेळ गेला. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून सातवीतली एक मुलगी आहे. ती मागे भिंतीला टेकून बसली होती. बैठक आवरत आली तशी उभी राहिली, हातात वहीचं फाडलेलं पान. "सर, मुलींच्या संडासाला..." एवढंच बोलली, तोवर एक जण म्हणाले, "बस गं खाली, मोठी माणसं बोलतायत ना." दुसऱ्यांनी भर घातली, "आत्तापासूनच पुढारी व्हायचंय वाटतं हिला." सगळे हसले. पोरगी बसली. त्या कागदाची घडी घातली, परत घातली, पार सुपारीएवढी होईपर्यंत.

मी म्हटलं, तिला वाचू द्या. तर म्हणे, ताई, उशीर झालाय, पुढच्या मीटिंगला घेऊ. आणि लगेच सह्यांचं रजिस्टर फिरलं. ते मात्र तिच्यापुढेही आलं. "इथे सही कर, बाळा."

तिची सही हवी, तिचं बोलणं नको. याचा राग आलाय मला.

कारण हीच मुलगी ३ जानेवारीला सावित्रीबाई झाली होती. नऊवारी, कपाळावर आडवी चिरी, आणि तोंडपाठ भाषण. ही सगळी मंडळी तेव्हा पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या, एकाने खिशातून पन्नासची नोट काढून बक्षीस दिलं, "काय धीट पोरगी आहे" म्हणाले. भाषण आपण लिहून दिलेलं असलं की पोरगी धीट. स्वतःचं चार ओळींचं लिहून आणलं की आगाऊ.

फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची असेल. मांग-महारांच्या हालांबद्दल तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. म्हणजे तिच्या गुरुजनांनी तो ऐकला, 'हे तुझं वय नाही' म्हणाले नाहीत. आपण त्याच सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आणि सातवीतल्या मुलीला संडासाच्या कडीबद्दल बोलू देत नाही.

हो, कडीबद्दलच होतं ते. बैठक सुटल्यावर मी तिच्याकडून कागद मागून घेतला. देताना म्हणाली, "काकू, सरांना सांगू नका." चार गोष्टी लिहिल्या होत्या. दाराला आतून कडी नाही, म्हणून दोघी-दोघी जातो, एक बाहेर दार धरून उभी राहते. आत नळ आहे, पाणी नाही. जावं लागू नये म्हणून बऱ्याच जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. पाळी आलेल्या मुली चार दिवस घरीच राहतात. अक्षर इतकं नेटकं होतं. मी रस्त्यात उभी राहून दोनदा वाचलं. समितीतल्या एकाही मोठ्या माणसाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि माझी मुलगी तिथेच चौथीत आहे. त्या दारामागे आम्ही कधी जातच नाही, तर कळणार कसं? ज्या जातात त्यांनाच विचारायला हवं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती आली. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. आपल्या राज्यात त्यावर विद्यार्थीही घेतात. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबतीत त्यांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय, समज पाहून त्या मताला वजन द्यायचं. म्हणजे आपण उपकार करत नाही आहोत. पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर २०२५ मध्ये अख्खं राज्य तावातावाने बोललं, जूनअखेर सरकारला त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. बरंच झालं. पण तेव्हाही ज्या पोरांच्या दप्तरात ते पुस्तक जाणार होतं त्यांना कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

आता कुणीतरी म्हणेलच, मुलांचं सगळं ऐकायचं तर उद्या गणिताचा तासही बंद करा म्हणतील. म्हणू देत. नाही म्हणायला आपण आहोतच. पण नाही म्हणण्याआधी ऐकावं तर लागेल.

आमच्या सरांवर माझा राग नाही, खरंच नाही. दोन शिक्षकांवर सगळी शाळा, त्यात रोजची ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. मुलगी बसली तेव्हा त्यांचाही चेहरा पडला होता, मी पाहिलं. पण समितीपुढे ते बोलू शकले नाहीत. शिक्षकाचंच तोंड बंद असेल तर मुलांनी कुणाकडे बघायचं?

घरी सांगितलं तर उत्तर मिळालं, एवढी कटकट कशाला, दुकानातून कडी आण आणि लावून टाक. लावणारच आहे, उद्याच सुताराला बोलावलंय. मुलींनी त्यासाठी एक दिवसही थांबू नये. पण पाण्याचं काय? आणि पुढच्या वेळी ती काही सांगायला उभी राहील का? उद्या मी लेखी अर्जही देतेय, की पुढच्या बैठकीत पहिला विषय विद्यार्थी प्रतिनिधींचा घ्यावा, त्यांनी स्वतः मांडावा आणि इतिवृत्तात तो त्यांच्याच शब्दांत यावा. तिचं नाव मी त्यात घालणार नाही. तिने विश्वासाने कागद दिलाय.

तुमच्यापैकी जे कुणी अशा समितीवर आहेत, त्यांनी या महिन्यात एवढं करा. तुमच्या समितीवर कुठली मुलं आहेत ते बघा, त्यांना पुढे आपल्या शेजारी बसवा आणि सह्यांचं रजिस्टर फिरायच्या आधी बोलायला सांगा. काय म्हणाली ते इथे कमेंटमध्ये लिहा. मी सगळं वाचणार आहे.