‘टॅबमुळे मूल मुकं होतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘सावधान पालकांनो, शाळेतला टॅब तुमच्या विशेष मुलाला कायमचं मुकं करतोय’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. पालकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, सगळीकडे. खाली कुठल्यातरी डॉक्टरचं नाव आहे, पण हॉस्पिटल नाही, गाव नाही, तारीख नाही. एरवी मी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही, पण हा आमच्या घरात शिरला. काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला, माझ्या आईने वाचला, आणि तिने माझ्या भाच्याचा टॅब उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. भाचा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, तोंडाने मोजके चार-पाच शब्द येतात आणि बाकी सगळं तो टॅबवरच्या चित्रांना बोट लावून बोलतो. आईने हे वाईट मनाने केलं नाही, नातवाच्या काळजीने केलं, आणि म्हणूनच मला त्या मेसेजचा जास्त राग आहे. तो नेमका काळजी करणाऱ्या माणसालाच धरतो. शाळेतल्या बाईंनीही बहिणीला विचारलं, ‘तो मेसेज वाचलात का हो, मग टॅब बंद करायचा का?’ तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकते.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. पहिला, बोलका टॅब दिला की मूल स्वतः बोलायचं सोडून देतं, म्हणून टॅब काढून घ्या, मूल काही मागायला आलं तर देऊ नका, भूक लागली की आपोआप बोलेल. दुसरा, ऑटिझम हा मुळात स्क्रीनमुळेच होतो, चाळीस दिवस स्क्रीन बंद केली की बरा होतो. तिसरा, धडा वाचून दाखवणाऱ्या ॲपमुळे डिस्लेक्सियावाली, म्हणजे छापलेलं वाचायला अडचण येणारी, मुलं आळशी होतात आणि वर्गातल्या बाकीच्यांवर अन्याय होतो. चौथा, कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी वर्गात जे माईक आणि रिसीव्हर लावतात त्याच्या लहरींनी मेंदू खराब होतो. आणि पाचवा, हा सगळा परदेशी कंपन्यांचा धंदा आहे.

पहिल्यापासून सुरू करते आणि इथेच सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण बाकीचे चार मुद्दे चुकीचे आहेत पण हा धोकादायक आहे.

‘भूक लागली की बोलेल.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा तरी न बोलणाऱ्या मुलासोबत एक अख्खा दिवस काढलाय का? हे मूल हट्टाने गप्प बसलेलं नसतं. बऱ्याचदा शब्द डोक्यात असतो, पण तो तोंडावाटे काढता येत नाही. कुणाला जीभ, ओठ, श्वास यांची जुळवाजुळवच जमत नाही, कुणाला बोलणं म्हणजे काय हेच अजून उमगत असतं, कुणाला दोन्हीचा त्रास असतो. पायाला प्लास्टर असलेल्या माणसाची कुबडी काढून घेऊन ‘आता पळेल बघा’ म्हणण्यासारखं आहे हे. आणि अशा मुलाला उपाशी ठेवलं तर ते बोलत नाही, ते रडतं, डोकं आपटतं, हाताला चावतं, आणि मग आपणच म्हणतो की बघा किती व्हायोलंट झालाय. मागून मिळत नाही एवढंच त्यातून तो शिकतो, आणि पुढच्या वेळी मागतही नाही.

आता ‘टॅब दिला की बोलणं सुटतं’ याबद्दल. ही भीती नवी नाही, ती जगभरच्या आईवडलांना वाटली आहे, त्यामुळे तिच्यावर अभ्यासही झालाय. डायॲन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर या तिघांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्पीच थेरपीच्या एका मोठ्या जर्नलमध्ये तोपर्यंतच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. २३ अभ्यास, ६७ जण. त्यातले जे अभ्यास खरंच काटेकोर होते त्यात २७ जण होते. या २७ पैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. एकाचंही नाही! ८९ टक्के लोकांच्या बोलण्यात वाढ झाली, ११ टक्क्यांच्या बोलण्यात काही फरक पडला नाही. प्रामाणिकपणे हेही सांगते की ती वाढ बहुतेकांत थोडीच होती, टॅब हातात आला आणि पोरगं घडाघडा बोलायला लागलं असं कुणी सांगत असेल तर तेही खोटं. पण मेसेजमध्ये जे लिहिलंय ते बरोब्बर उलटं आहे.

टॅबवरून असं बोलण्याच्या पद्धतीला एएसी म्हणतात, म्हणजे ऑगमेंटेटिव्ह अँड ऑल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन, बोलण्याला जोड किंवा पर्याय देणारी पद्धत. टॅब हा त्यातला एक प्रकार, छापील चित्रांची कार्डं, वही, हाताच्या खुणा हेही त्यातच येतं. आणि टॅब हातात दिला की झालं असं नसतं हो. मोठ्यांनी आधी स्वतः बोलता बोलता त्यावर बोट लावून दाखवायचं असतं, मूल दिवसभर आपल्याला बोलताना ऐकतं तसंच त्याला दिवसभर टॅबवर बोलताना दिसावं लागतं. त्यात नुसते बिस्कीट, पाणी, शू असे शब्द ठेवून चालत नाही, नको, आणखी, थांब, मदत, माझं, का, संपलं हे शब्द लागतात, कारण माणूस दिवसभर यांच्यावरच बोलतो. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की त्याला चित्र शोधायला वेळ लागतो आणि तेवढं थांबायची तयारी लागते. हेच सगळ्यात अवघड जातं, तीस-चाळीस पोरांच्या वर्गात थांबणं सोपं नाही, मला मान्य आहे. बॅटरी संपली तर दप्तरात छापील चित्रांचा एक कागद हवाच. आमच्याकडे ते चित्र आणि शब्द थेरपिस्ट ताईंनी बहिणीसोबत बसून भरले, साबुदाणा खिचडीचा आणि आजीचा फोटो आम्ही घरून टाकला.

भाच्याने स्वतःहून, कुणी न सांगता दाबलेला पहिला शब्द होता ‘नको’. त्याआधी त्याचं नको म्हणजे ताट फेकणं. आणि मागच्या पावसाळ्यात एकदा शाळेत तो सारखा रडत होता, बाईंना वाटलं घरी जायचं असेल, तर त्याने टॅबवर आधी ‘कान’ आणि मग ‘दुखतं’ दाबलं. डॉक्टरांनी बघितलं तर कानात पू झालेला. हा टॅब त्या दिवशी कपाटावर असता तर? आणि कान तर साधी गोष्ट आहे. व्हॅनमध्ये, बाथरूममध्ये कुणी त्रास दिला, हात लावला, तर न बोलणारं मूल ते कसं सांगणार आहे? मुलाचा आवाज काढून घ्या असा सल्ला हजारो लोकांना पाठवताना हा एक विचार तरी मनात यायला हवा होता.

दुसरा मुद्दा, स्क्रीनमुळे ऑटिझम. यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करते. अगदी लहान मुलांना मोबाईल देऊन गप्प बसवणं वाईटच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. जेवताना कार्टून, झोपताना कार्टून अशा घरात काही मुलं उशिरा बोलतात, नजर देत नाहीत, आणि स्क्रीन कमी करून कुणी त्यांच्याशी बोलायला खेळायला लागलं की सुधारतातही. हे खरं. पण स्क्रीनमुळे होणारा म्हणून जो ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ सांगतात, त्या नावाचं कुठलंही निदान डीएसएम-५ मध्ये, म्हणजे डॉक्टर ऑटिझमसारखी निदानं ज्यावरून करतात त्या पुस्तकात, नाही. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतच सुरुवातीपासून असतो, त्यात अनुवंशिकतेचा मोठा हात असतो, टीव्ही नसलेल्या काळातही ही मुलं होती, फक्त त्यांना वेडं म्हणून घरात ठेवायचे. आणि चाळीस दिवसांच्या आशेवर जे आईवडील तपासणी पुढे ढकलतात त्यांचे चाळीस दिवसांचे सहा महिने होतात आणि सहा महिन्यांचं वर्ष, आणि लहानपणीचं हेच वर्ष सगळ्यात मोलाचं असतं.

शिवाय कार्टून बघणं आणि टॅबवरून बोलणं हे एकच कसं झालं? एकात मूल गप्प बसून बघतं, दुसऱ्यात ते समोरच्या माणसाला काहीतरी सांगतं. हां, त्याच टॅबवर यूट्यूब असेल तर पोरगं यूट्यूबच उघडणार, त्यात त्याची काय चूक. म्हणून बोलायचा टॅब वेगळा ठेवतात, किंवा एकच ॲप उघडं राहील असं लॉक करतात, आयपॅडला गाइडेड ॲक्सेस आहे, अँड्रॉइडला स्क्रीन पिन करता येते. कुठल्याही थेरपिस्टला विचारा, लगेच लावून देतील.

तिसरा मुद्दा वाचून दाखवणाऱ्या ॲपचा. डिस्लेक्सियाच्या मुलाला विज्ञान कळत नाही असं नसतं, त्याला ते छापलेलं वाचायला झगडावं लागतं. सहावीच्या मुलाचं वाचन दुसरीच्या पातळीवर असेल तर त्याने विज्ञानही दुसरीचंच शिकायचं का? ॲपने धडा वाचून दाखवला तर तो धडा त्याच्यापर्यंत पोचतो. आणि वाचायला शिकवणं त्यासोबत चालूच ठेवायचं असतं, एक केलं म्हणून दुसरं बंद करा असं कुणीच सांगत नाही. अन्यायाचं म्हणाल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत, कुणी उपकार करत नाही.

चौथ्यावर जास्त वेळ घालवत नाही. बाईंच्या गळ्यात माईक, मुलाच्या श्रवणयंत्राला रिसीव्हर, त्यामुळे पंख्याच्या आणि बाकांच्या आवाजातूनही बाईंचा आवाज सरळ कानात येतो. त्या साध्या रेडिओ लहरी आहेत, त्यांनी मेंदू खराब होत नाही. मूल दिवसभर न ऐकता वर्गात बसलं तर भाषा मात्र नक्की मागे पडते.

पाचवा, परदेशी कंपन्यांचा धंदा. महागडी ॲप्स आहेत, पालकांची घाई बघून नको ते गळ्यात मारणारे पण आहेत, हे खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने साधं शोधलं तरी असतं. ‘आवाझ’ हे ॲप चेन्नईत बनलंय. ‘जेलो’ आयआयटी मुंबईच्या डिझाइन स्कूलमध्ये बनलंय, मराठीत बोलतं आणि फुकट आहे. अंध मुलांना कॉम्प्युटर वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे, आणि ते दोन अंध तरुणांनीच सुरू केलं. दिव्यांगत्वामुळे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी सरकारचं सुगम्य पुस्तकालय २०१६ पासून ऑनलाइन आहे.

आईला मी हे सगळं शेजारी बसून सांगितलं, टॅब खाली आला, काकांनीही मेसेज डिलीट केला. पण आमच्या घरापुरतं मिटून उपयोग नाही. तुमच्या मुलाचा टॅब शाळेने असल्या मेसेजवरून बंद केला असेल तर तोंडी वाद घालू नका, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ लिहा, त्यात मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची आहे असं आहे. कलम १७ मध्ये ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत योग्य ती साधनं मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. थेरपिस्टचं पत्र जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या, आणि तरीही हलले नाहीत तर तीच प्रत जोडून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवा.