धर्म वगळला तरी इच्छामरणाचा प्रश्न सुटत नाही

आजारी माणसाला डॉक्टरच्या मदतीने मरण निवडू देणाऱ्या इच्छामरणाच्या कायद्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: विरोध करणारे सगळे धार्मिक असतात, एकूणएक धर्म या कायद्याच्या विरोधात आहेत, धर्माला माणूस नळ्या लावून तडफडत ठेवायचा असतो, आणि धर्म बाजूला केला की विरोधाला एकही कारण उरत नाही. देह ज्याचा, निर्णय त्याचा, आणि धर्मनिरपेक्ष राज्यात श्रद्धेला यात बोलायची जागाच नाही. मी स्वतः देव मानत नाही आणि मर्यादित स्वरूपातल्या कायद्याच्या बाजूचा आहे. म्हणूनच हा मजकूर मला जास्त खटकतो.

विरोधक म्हणजे धार्मिक, हे आधी बघू. अमेरिकेत १९९६ साली ‘नॉट डेड येट’ ही संघटना उभी राहिली ती अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतून. देव काय म्हणेल याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. धडधाकट माणूस मरायचंय म्हणाला तर त्याला समुपदेशकाकडे नेतात. व्हीलचेअरवरचा माणूस तेच म्हणाला तर लोक समजुतीने मान डोलावतात. हा फरक कशासाठी, असं ते विचारतात. या प्रश्नाला मला आजवर सरळ उत्तर मिळालेलं नाही. देशोदेशीच्या डॉक्टरांच्या संघटना जिच्या सदस्य आहेत त्या जागतिक वैद्यकीय संघटनेनेही २०१९ मध्ये डॉक्टरी नीतीच्या आधारावर आपला विरोध पुन्हा नोंदवला. उलट ब्रिटिश मेडिकल असोसिएशन २०२१ मध्ये विरोध सोडून तटस्थ झाली. रोज मरण जवळून बघणाऱ्यांमध्येच एकमत नाही.

सगळे धर्म विरोधात, हेही खरं नाही. इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू राहिलेले, कँटरबरीचे माजी आर्चबिशप जॉर्ज केरी यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे कायद्याला पाठिंबा दिला. दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी २०१६ मध्ये स्वतःसाठीही हा पर्याय असावा असं लिहिलं. जैन धर्मातली सल्लेखना ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कुणी डॉक्टर औषध देत नाही. पण आयुष्याच्या अखेरीला अन्न सोडणं तिथे व्रत मानलं जातं. आणि कॅथलिक परंपरेच्या स्पेनने २०२१ मध्ये कायदा केलाच.

‘धर्माला माणूस तडफडत ठेवायचाय’ हा आरोप तर वाचूनच वाईट वाटतं. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये डॉक्टरांना सांगितलं होतं की असाधारण उपाय करून जीव धरून ठेवण्याचं बंधन रुग्णावर नाही, आणि वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी झालं तरी ते औषध देता येतं. ज्यू धर्मशास्त्रात सोळाव्या शतकातले रब्बी मोझेस इसेर्लिस याहून बारीक बोलतात: घराशेजारी कुणी लाकडं फोडत असेल आणि त्या आवाजामुळे प्राण अडकून राहिला असेल, तर तो आवाज थांबवावा, जिभेवर मीठ ठेवलं असेल तर ते काढावं. मरण ओढून आणू नये, पण अडवूनही धरू नये, हा भेद त्यांनी व्हेंटिलेटर येण्याच्या कितीतरी आधी केला होता. आधुनिक हॉस्पिसचा, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचा, पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स याही श्रद्धाळू ख्रिश्चन आणि इच्छामरणाच्या विरोधक. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्सने वेदनाशमनाची जी पद्धत घालून दिली, तिचा फायदा नास्तिकांनाही होतो.

आता खरा मुद्दा: देह माझा, निर्णय माझा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून इच्छामरणाचा कायदा आहे. रुग्णाचं आयुष्य सहा महिन्यांच्या आतलं असल्याचं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं आणि मरण आणणारं औषध रुग्णाने स्वतः घ्यायचं असतं. तिथल्या सरकारी वार्षिक अहवालांत रुग्णांच्या चिंता नोंदवलेल्या असतात. सर्वांत वर असतं स्वायत्तता जाणं आणि जगण्यातला आनंद संपणं. वेदना बऱ्याच खाली. अलीकडच्या वर्षांत दर दहांतल्या चार किंवा अधिक जणांच्या बाबतीत घरच्यांवर ओझं होण्याची चिंताही नोंदली गेली आहे.

हे ओझं कसं तयार होतं? आजारी माणूस खोलीत पडल्या पडल्या सगळं ऐकत असतो. मुलगी फोनवर रजा वाढवून मागते. कुणीतरी दबक्या आवाजात बिलांची बेरीज करतं. रात्री कूस बदलायला मदत लागते, पण नुकताच डोळा लागलेल्या बायकोला हाक मारायला त्याचा जीव धजत नाही. कुणी त्याला एका शब्दाने दुखावलेलं नसतं. उद्या त्याने अर्जावर सही केली तर ती त्याचीच सही असेल, जबरदस्तीचा कुठलाही पुरावा सापडणार नाही. तिला निव्वळ ‘माझा निर्णय’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही काळजी वाटायला देव मानावा लागत नाही.

दुसरी बाजूही त्याच ओरेगनमध्ये आहे. औषध लिहून मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. अनेकांना ते हाताशी आहे एवढ्यानेच धीर येत असावा. माझा पाठिंबा मुख्यतः या लोकांमुळे आहे.

राहिला धर्मनिरपेक्ष राज्याचा मुद्दा. कायदा धर्मग्रंथावर बेतू नये हे मान्यच. पण श्रद्धाळू नागरिकाने मत मांडताना श्रद्धा दाराबाहेर ठेवावी, अशी अट कुठलीही लोकशाही घालत नाही. त्याचा युक्तिवाद पटला नाही तर खोडून काढावा.

वाद घालायचा तर कायद्याच्या अटींवर घालू. कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये ‘मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असावा’ ही अट काढली. त्यामुळे मरणाच्या दारात नसलेल्या अपंग व्यक्तीलाही हा मार्ग खुला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०२५ मध्ये हा भाग रद्द करण्याची शिफारस केली. मला ती शिफारस पटते. माझा पाठिंबा सहा महिन्यांच्या अटीपाशी थांबतो, आणि तोही वेदनाशमन व शुश्रूषा अर्जदाराला आधी खरोखर मिळालेली असेल तरच.