तिघेही माझेच

क्रिकेटमध्ये संघ हरला की कर्णधाराला खेळपट्टी, नाणेफेक, दव आणि मधल्या फळीचे अपयश यांपैकी काहीतरी पुढे करता येते. ‘द किंग ऑफ फायटर्स’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये संघ तिघांचा असूनही ही सोय नाही, कारण तिघांचीही बटणे मीच दाबत असतो. माझे तिघे एकामागून एक उतरतात, समोरच्याचेही तिघे तसेच उतरतात, आणि ज्याचे तिघे आधी आडवे होतात तो हरतो. मारामारीच्या बहुतेक खेळांत माणूस एकाच गड्यानिशी जिंकतो किंवा हरतो; इथे मात्र एका सामन्यात तीन वेगवेगळ्या व्यक्तिमत्त्वांच्या माध्यमातून हरण्याची व्यवस्था केलेली आहे, आणि पुढचा गडी येऊन आपली घोषणा पूर्ण करीपर्यंत आधीच्या पराभवाचे चिंतन करायला थोडा अवधीही मिळतो.

हा खेळ जपानमधल्या ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९४ साली काढला. पहिल्या आवृत्तीत संघ देशवार ठरलेले होते आणि ते फोडता येत नसत. १९९५ च्या आवृत्तीत आपल्या मर्जीने कोणतेही तिघे निवडायची मुभा मिळाली, आणि माझ्या मते सगळ्या त्रासाचे मूळ तिथे आहे. तोवर संघ कुचकामी निघाला तर बोट कंपनीकडे दाखवता येत होते. त्यानंतर निवड समितीही आपणच झालो. अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागे उभे असलेले साथीदार क्वचित प्रसंगी मदतीला धावून येत आणि आपल्याला तावडीतून सोडवत. पुढे कंपनीने तीही पद्धत बंद केली, त्यामुळे संघभावनेचा उरलासुरला पुरावाही नाहीसा झाला.

माझी या खेळाशी ओळख ‘९७’ च्या आवृत्तीत, एस.टी. स्टँडजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये झाली. शेजारच्या मशीनवर पोरे ‘मुस्तफा’ खेळत आणि तिथे सगळे मिळून शत्रूला मारत असल्यामुळे वातावरण खेळीमेळीचे असे. आमच्या मशीनवर मात्र जिंकणारा उभा राहायचा आणि हरणारा नाणे टाकायचा, असा नियम होता. त्यामुळे निष्णात मुले एका नाण्यावर दुपार काढत आणि मालकाचा संसार माझ्यासारख्यांच्या जिवावर चाले. प्रत्येकाच्या संघात इओरी असायचाच. एका डोळ्यावर आलेले लाल केस, हातात जांभळी ज्वाळा, आणि लाल विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना पट्ट्याने बांधलेले. या अवस्थेत हा मनुष्य धावतो कसा, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही आणि अजूनही कोणी विचारत नाही. त्या काळात चीनमधल्या गेम हॉलमध्ये आणि मेक्सिकोतल्या किराणा दुकानांच्या कोपऱ्यातही हाच खेळ चालू होता, हे आम्हांला कळायला मार्ग नव्हता. आम्ही तो तालुक्याचा खेळ समजत होतो, आणि पार्लरमधला सर्वांत चांगला खेळाडू जगातला सर्वांत चांगला आहे, याबद्दल कोणाच्याही मनात संशय नव्हता.

पंधरावी आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, ३९ लढवय्यांसह. चाळिशी ओलांडल्यानंतर एखाद्या जुन्या छंदाकडे परतावे, असे डॉक्टरही सांगतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा बागकाम असावे. मी खेळ विकत घेतला, शहरातल्या खेळाडूंच्या मंडळात दाखल झालो आणि वयामुळे आपोआप ‘काका’ झालो. ही मुले अतिशय सभ्य आहेत. त्यांतला एक तर मला कोपऱ्यात गाठून अर्धा प्राण काढण्यापूर्वी न चुकता “सॉरी हां काका” म्हणतो. पार्लरमध्ये आम्ही एकमेकांच्या आईवडिलांचा उद्धार करीत असू, पण त्यात निदान बरोबरीचे नाते होते.

मंडळाचे मुख्य कार्य खेळणे नसून सल्ला देणे हे आहे, आणि सल्ल्याचा मुख्य विषय म्हणजे तिघांचा क्रम. माझ्या संघात अथेना, क्लार्क आणि इओरी असे तिघे आहेत. अथेना लांबून ऊर्जेचे गोळे फेकते, क्लार्क जवळ जाऊन माणसाला उचलून आपटतो आणि इओरी वर सांगितल्याप्रमाणे आहे. यांतले पहिले कोण, मधले कोण आणि ‘अँकर’ म्हणजे शेवटचे कोण, यावर मुले रात्री दोन वाजेपर्यंत तळमळीने वाद घालतात. कारणही तसेच आहे. मारामारी चालू असताना पडद्याच्या तळाशी शक्तीच्या पट्ट्या भरत जातात आणि त्या खर्चून मोठे डाव टाकता येतात. पहिल्या गड्याला तीन पट्ट्यांपर्यंत साठा करता येतो, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला पाच. आणि आधीच्याने न वापरलेली शक्ती पुढच्याला मिळते. म्हणून पहिल्याने काटकसर करावी आणि शेवटच्याने उधळावी, असे शास्त्र आहे. मध्यमवर्गीय संस्कारांमुळे शास्त्राचा पूर्वार्ध मला उत्तम जमतो. माझी अथेना एकही पट्टी न खर्चता मरते, क्लार्क तिच्या बचतीत भर घालून मरतो आणि इओरी पाचही पट्ट्या भरलेल्या अवस्थेत, वारसदाराचे नाव न लावलेल्या मुदत ठेवीसारखा, जागच्या जागी संपतो.

ती ठेव मोडणेही सोपे नाही. इओरीचा सुप्रसिद्ध डाव काढायचा तर कंट्रोलरची काठी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवायची, तिथून लगेच खालच्या बाजूने मागे अर्धे वर्तुळ काढायचे आणि त्याच दमात ठोसा द्यायचा. घरी, सराव विभागात, समोर निर्विकार उभ्या असलेल्या पुतळ्यावर माझा हा डाव दहापैकी नऊ वेळा लागतो. सामन्यात त्याच हालचालीतून इओरी किंचित खाली बसतो, पुन्हा उभा राहतो आणि हवेत एक साधा ठोसा मारतो. मुले म्हणतात, “काका, लॅब करा.” लॅब करणे म्हणजे याच पुतळ्यापुढे तासन् तास बसणे. मी बसतो. पुतळ्याविरुद्धचा माझा खेळ आता जवळजवळ निर्दोष झाला आहे.

खरा छळ उड्यांचा आहे. इतर बहुतेक खेळांत उडी म्हणजे उडी असते. इथे साधी, आखूड, लांब आणि आखूड असून लांब, असे चार प्रकार आहेत आणि काठी वर किती वेळ टेकली आणि त्याआधी ती खाली टेकवली होती का, यावर ते ठरते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकतात. हलका ठोसा चार-पाच चित्रांत लागतो आणि माणसाला डोळ्यांनी पाहून हात हलवायला बारा ते पंधरा चित्रे लागतात. म्हणजे पाहून अडवणे शक्यच नाही, आधीच ओळखावे लागते. समोरचा मुलगा आखूड उडी मारून डोक्यावर लाथ घालणार हे मी ओळखतो, पण ओळखून झाल्याचा आनंद होईपर्यंत लाथ बसलेली असते.

इंटरनेटवर खेळताना यात आणखी एक तात्त्विक भर पडते. अंतरामुळे समोरच्याची बटणे उशिरा पोहोचतात. म्हणून यंत्र तो काय करील याचा अंदाज बांधून तसे चित्र दाखवते आणि अंदाज चुकला तर काळ मागे नेऊन दुरुस्ती करते. याला ‘रोलबॅक’ म्हणतात, आणि जाणकारांच्या मते आमच्या छंदावर झालेला हा सर्वांत मोठा उपकार आहे. मीही तसेच म्हणतो. मात्र माझा ठोसा लागल्याचे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते आणि पुढच्या क्षणी तो कधीच लागलेला नसतो. पार्लरमध्ये निदान इतिहास बदलत नसे.

परवाच्या रविवारी एका कॅफेच्या पहिल्या मजल्यावर स्पर्धा होती. दोन सामने हरले की बाहेर, अशी पद्धत असते, म्हणजे एका पराभवानंतरही आशा जिवंत राहते आणि दुसऱ्याने जाते. पहिला सामना झटपट उरकल्यानंतर दुसऱ्यात माझ्यासमोर तोच सभ्य मुलगा आला. अथेना नेहमीप्रमाणे बचत करून गेली. नंतर मात्र क्लार्कच्या अंगात काय संचारले कोणास ठाऊक, त्याने समोरचे पहिले दोघे उचलून आपटले. मागे उभ्या असलेल्यांची कुजबुज थांबली. तिसऱ्यालाही क्लार्क पकडणार, इतक्यात पडद्यावर खेळ थांबल्याची पाटी आली.

आम्हां दोघांचीही बोटे त्या बटणावर नव्हती. शोध घेता असे आढळले की आधी खेळून गेलेल्या एका मुलाचा बिनतारी कंट्रोलर अजून त्याच यंत्राशी जोडलेला होता आणि त्याने तो पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीखाली कोंबला होता. चालू सामना थांबवणाऱ्याने ती फेरी गमवावी, असा सर्वमान्य नियम आहे. परंतु थांबवणारा हा सामना खेळतच नव्हता, शिवाय तो सकाळीच स्पर्धेतून बाद झाला असल्यामुळे गमवायला त्याच्याकडे फेरीच शिल्लक नव्हती. पंचांनी नियमांचे पान मोबाइलवर तीनदा वाचले. बाटली बाहेर काढण्यात आली, ती पुरावा म्हणून टेबलावर ठेवण्यात आली आणि अखेर “तीन, दोन, एक” म्हणून खेळ पुढे सुरू करण्याचा निर्णय झाला. “एक” च्या वेळी मुलगा “सॉरी हां काका” म्हणाला. क्लार्क गेला. इओरी आला, त्याने आधीच्या दोघांची सगळी बचत सोबत आणली आणि ती सगळी सोबत नेली.

जिन्यात लगेच परिसंवाद भरला. कोणी म्हणाला क्लार्कला पहिला उतरवा, कोणी म्हणाला अथेनाला शेवटी ठेवा, तर कोणाच्या मते इओरी मध्ये असता तर पट्ट्या वाया गेल्या नसत्या. तिघांची मांडणी सहाच प्रकारे होऊ शकते, हे मी शाळेत शिकलो होतो. सहाही प्रकार सुचवून झाल्यावर सॅकवाला मुलगा आदराने पुढे झाला आणि म्हणाला, “काका, क्रम आहे तोच राहू द्या, फक्त कंट्रोलर जरा माझ्याकडे द्या.” रिकाम्या यंत्रावर बसून त्याने माझाच संघ घेतला आणि सभ्य मुलाच्या तिघांनाही एकट्या अथेनाकरवी लोळवले. मुलांनी “ओसीव्ही! ओसीव्ही!” असा गजर केला; ओसीव्ही म्हणजे एकाच गड्याने समोरच्या तिघांना हरवणे. क्लार्क आणि इओरी यांना उतरावेच लागले नाही.