खुलासा : ‘शॉकच्या तपासणीनं हात लुळा पडतो’ हे खोटं

नाशिकमध्ये, सिडको-पंचवटीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मायस्थेनियाच्या तपासणीत शॉक देतात, नसा जळतात, हात लुळा पडतो.’ साफ चूक. मायस्थेनिया म्हणजे स्नायू लवकर थकून अशक्त होण्याचा आजार.

त्याच्या आरएनएस तपासणीत (नसेला लागोपाठ झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात ती) नसेवर सेकंदाला 2 ते 3 या गतीनं साधारण 10 झटके देतात. एकेक झटका मिलिसेकंदभरही टिकत नाही. चटका बसतो, बोट आपोआप उडतं, नकोसं होतं हे खरं. पण नस जळत नाही. पहिल्या झटक्याच्या तुलनेत चौथ्या-पाचव्याला स्नायूचा प्रतिसाद 10 टक्क्यांहून जास्त घसरला, तर नसेकडून स्नायूला संदेश नीट पोचत नसल्याचा संशय बळावतो. हात लुळा पडतो तो आजारानं, आणि शोध त्याचाच चाललेला असतो!

कामाची गोष्ट मात्र मेसेजात नाही. हात गार असेल तर दोष झाकला जातो. जानेवारीच्या थंडीत स्कूटरवरून उतरून थेट टेबलावर झोपू नका, हात ऊबदार होऊ द्या. पायरिडोस्टिग्मिनची, म्हणजे याच आजारावरच्या औषधाची, गोळी आधी थांबवायची का, ते डॉक्टर सांगतील. मनानं बंद करू नका. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. आणि आजार फक्त डोळ्यांपुरता असेल, तर रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो.