चार औंसांची पंगत

अमेरिकेत वाढायच्या आठ नंबरच्या डावाची मूठ राखाडी असते. बारा नंबरची हिरवी, सोळा नंबरची निळी. नंबर जितका मोठा, तितका डाव लहान. कारण नंबर म्हणजे एका क्वार्टात, म्हणजे साधारण साडेनऊशे मिलिलिटरात, किती डाव बसतात तो आकडा. आठ नंबरचा एक डाव म्हणजे चार औंस, साधारण एकशे वीस मिलिलिटर. निळ्या मुठीचा दोन औंस. तो सॅलडवरच्या दाण्या-बियांसाठी, आणि त्यातही हात आखडता घ्यायचा.

ही विद्या शिकण्यासाठी मी घरावर कर्ज काढून अमेरिकेला गेलो नव्हतो. गेलो होतो कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करायला, २०२० च्या जानेवारीत, इंडियाना राज्यातल्या एका विद्यापीठात. (इंडियाना हे नाव ऐकून मावशी पहिले सहा महिने समजत होती की मी अजून निघालोच नाही.) एफ-वन व्हिसावर गेलेल्या पोराला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास. त्यामुळे आमच्यातला जो तो तीन ठिकाणी हात मारतो: लायब्ररी, प्रोफेसर आणि डायनिंग. लायब्ररीत जागा नसते, प्रोफेसर ईमेलला उत्तर देत नाहीत. डायनिंग मात्र कोणालाही नाही म्हणत नाही. आई सोसायटीत सांगायची, "विद्यापीठाच्या सेवेत आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात.

सुरुवातीला काम सोपं होतं. आमचा डायनिंग हॉल म्हणजे अखंड चालणारं लग्नघर. दारात कार्ड एकदा घासायचं आणि आत जाऊन जीव जाईपर्यंत खायचं. पिझ्झा तिकडे, पास्ता इकडे, मध्ये सॅलड बार, कडेला आइस्क्रीमचं यंत्र. पोरं चार प्लेटा भरून घेत, अडीच टाकून देत. मी मागच्या बाजूला भांडी धुवायच्या यंत्रावर.

मग मार्च आला, आणि त्याच्याबरोबर कोरोना. स्प्रिंग ब्रेकला गेलेल्या पोरांना 'परत येऊ नका' असा निरोप गेला. उरलो ते आम्ही, ज्यांना जायला जागाच नव्हती, कारण भारतानं २२ मार्चपासून बाहेरची विमानं बंद केली होती. त्याच दिवशी सकाळी साडेसातला आईचा फोन. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते.

"आम्ही सगळ्यांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या. तू?"

"मी धुतल्या."

जुलैत तिथल्या सरकारनं फर्मान काढलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. सहा तारखेला काढलं, चौदाला मागे घेतलं. त्या आठ दिवसांत माझं जेवढं वजन उतरलं, तेवढं पुढे डायनिंगच्या खाण्यानंही उतरलं नाही.

ऑगस्टमध्ये विद्यापीठ उघडलं आणि आमचं लग्नघर ओळखू येईना. पाचशेच्या हॉलमध्ये सव्वाशे खुर्च्या, प्रत्येक टेबलाला एक. जमिनीवर सहा-सहा फुटांवर पावलांची चित्रं. आत जाणारे बाण, बाहेर येणारे बाण, आणि दोन्हींच्या मध्ये उभा राहून भांबावलेला पहिल्या वर्षाचा एक मुलगा. काउंटरवर छतापासून लोंबणारे प्लेक्सिग्लासचे पत्रे. सॅलड बारवर जी तिरकी काच असते ती तशी जुनीच. पेनसिल्व्हेनियातल्या जॉनी गार्नो नावाच्या हॉटेलवाल्यानं १९५९ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, कारण त्याच्या बुफेत लोक पदार्थांवर वाकून वास घ्यायचे. एवढी वर्षं त्या काचेकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता तिचे वंशज छताला टेकले होते.

आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे हातानं वाढून घेणं बंद. चिमटा, डाव, पळी, पाणी, अगदी केळंसुद्धा, पोरांनी कशालाही हात लावायचा नाही. काउंटरमागे माणूस उभा राहणार आणि तो वाढणार.

म्हणजे बघा. आमच्याकडे पंगत मोडून बुफे आला तेव्हा सगळे म्हणाले, जग पुढे गेलं. आणि जग पुढे जाऊन जाऊन थांबलं कुठे, तर वाढप्याकडे. माझी बदली भांड्यांवरून काउंटरवर झाली. आईला सांगितलं, प्रमोशन झालं.

मी मनातून खूश होतो. कारण वाढपाच्या बाबतीत मी अशिक्षित नाही. सांगलीकडच्या आमच्या गावात वाढप्याचीही एक सेवाज्येष्ठता असते. चौथीत असताना हातात मिठाची वाटी मिळते. ते नीट जमलं की लिंबाच्या फोडी. मग चटणी, कोशिंबीर. मिसरूड फुटलं की भाताचं घमेलं. जिलबी विश्वासू माणसाकडे. आणि साजूक तूप फक्त काकांकडे, कारण तूप वाढताना चेहऱ्यावर उदारपणा आणि मनगटात कंजुषी एकाच वेळी लागते. मी भातापर्यंत पोचलो होतो. शिवाय आग्रहात माझं नाव होतं. 'नको, नको' म्हणून पानावर आडवा धरलेला हात चुकवून, बोटांच्या फटीतून जिलबी खाली सोडणं हे ज्याला जमतं त्यालाच त्यातलं कौशल्य कळतं.

पहिल्याच दिवशी एक पोरगी आली. अंगानं काडी. तिनं कुस्करलेल्या बटाट्याकडे बोट केलं. मी एक डाव घातला. ती "थँक्स" म्हणाली. मी दुसरा घातला. ती "नो, थँक्यू" म्हणाली. आमच्याकडे या वाक्यानंतर कुठे खरी सुरुवात होते. मी तिसरा घातला.

पोरगीनं डबा माझ्याकडे परत ढकलला आणि मागून आमच्या मुख्य बाई आल्या. साठीच्या, सडपातळ, सगळ्यांना 'हनी' म्हणणाऱ्या.

"हनी, ती नको म्हणाली."

"ते तसं म्हणायचं असतं."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग राखाडी मुठीचा डाव हातात घेतला, बटाट्यात बुडवला, भांड्याच्या काठाला घासून वरचा डोंगर सपाट केला आणि डब्यात खटकन सोडला. "एक. चार औंस. पुढचा माणूस."

त्यांचंही चुकत नव्हतं. किती माणसं येणार त्यावर किती शिजवायचं हे ठरलेलं. रांग सहा-सहा फुटांची, म्हणजे वीस पोरं उभी राहिली की शेपूट दाराबाहेर उन्हात. तिथे मी एकेकाला 'घ्या हो, लाजू नका' करत बसलो असतो तर दुपारचं जेवण मध्यरात्री आटोपलं असतं. पण एकदा वाढून मान वळवायची, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, हे हाताला पटत नव्हतं. भाताचा डाव सपाट करताना आतून कुणीतरी 'कंजूष' म्हणायचं, आणि तो आवाज काकांचा असायचा.

तसा चेहरा दिसायचा तरी कुठे? त्याच्या तोंडावर मास्क, माझ्या तोंडावर मास्क, मध्ये काच, डोक्यावर घोंघावणारा एक्झॉस्ट, त्याचा इंडियाना उच्चार आणि माझा सांगली उच्चार. 'चीज' आणि 'पीज' यांत फरक फक्त ओठांचा, आणि ओठ तर मास्कमागे. पहिल्या आठवड्यात मी चीज मागणाऱ्या निदान पंधरा पोरांना वाटाणे वाढले. त्यांतल्या एकानंही तक्रार केली नाही. रांग पुढे सरकत होती, ती मुकाट्यानं वाटाणे घेऊन गेली. सप्टेंबरपर्यंत आम्ही सगळे खाणाखुणांवर आलो. बोटांचा त्रिकोण म्हणजे पिझ्झा. पंख फडफडवले की चिकन. टोफूची खूण शेवटपर्यंत ठरली नाही, मागणारेही फारसे नव्हते.

त्यात माझा चष्मा. समोर वाफेचं टेबल, पदार्थ १३५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा नियम, आणि खालून मास्कमधून वर येणारा माझा स्वतःचा श्वास. दर दोन मिनिटांनी सगळं जग पांढरं. त्या धुक्यात मी अंदाजानं डाव चालवायचो. एकदा धुकं निवळलं तेव्हा मी ग्रेव्ही डब्यात न ओतता शेजारच्या फळांच्या वाट्यांवर ओतत होतो.

हात धुण्याचाही नियम होता, वीस सेकंद. तिकडची पोरं वाढदिवसाचं गाणं दोनदा म्हणत. मला ते रोज आठ-दहा वेळा कोणाचाही वाढदिवस नसताना म्हणायला कसंसंच व्हायचं, म्हणून मी पाढे घेतले. बेचा पाढा फार लवकर संपतो. एकोणतिसाचा घेतला, तर एकोणतीस सत्ते या ठिकाणी अडकून हातांची सालं निघाली.

डबा तीन कप्प्यांचा, झाकणाचा, फेकायचा. मी सवयीनं कोशिंबिरीसारखं जे काही असेल ते डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मध्ये असं वाढायचो. बाईंनी चार दिवस पाहिलं आणि विचारलं, हे असं का? मी म्हटलं, पानात डावी-उजवी बाजू असते. त्या म्हणाल्या, "हनी, डबा पिशवीत आडवा जातो." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

जेवण डब्यातून बाहेर पडल्यामुळे डबेही सगळ्या कॅम्पसवर पसरले. हिरवळीवर, पायऱ्यांवर, पुतळ्याच्या चबुतऱ्यावर. कचऱ्याच्या पेट्या बारा वाजताच ओसंडायच्या. त्या वर्षी माणसांचे हाल झाले, पण तिथल्या खारी अशा काही गरगरीत झाल्या की झाडावर चढण्याआधी बुंध्याशी थांबून विचार करायच्या.

आठवड्यातले दोन दिवस माझी ड्यूटी शेजारच्या कॅम्पस स्टोअरमध्ये असे. तिथे सगळं ॲपवर. वेळ निवडायची, पैसे भरायचे, येऊन पिशवी उचलायची. कोणाशी बोलायचं काम नाही. बारा दहाची वेळ निवडली की बारा दहाला पिशवी तयार. हे फार छान होतं, फक्त सगळ्यांचे तास बाराला सुटायचे आणि सगळेच बारा दहा निवडायचे. मग चाळीस सारख्या खाकी पिशव्या, चाळीस मास्क लावलेली सारखी पोरं, आणि नावं वाचणारा मी. त्यांना माझं ज्ञानेश कधी म्हणता आलं नाही, छातीवरच्या बिल्ल्याकडे बघून 'डी... डी...' करत थांबायची. मीही त्यांच्यातल्या आयर्लंड-पोलंडकडच्या आडनावांची मनसोक्त परतफेड केली. काउंटरजवळ जिथे पूर्वी चॉकलेटं असायची तिथे आता विद्यापीठाच्या बोधचिन्हाचे मास्क आणि सॅनिटायझरच्या बाटल्या. शेवटच्या क्षणी मोह पडावा म्हणून चॉकलेट ठेवतात हे समजू शकतो. पण सॅनिटायझरचा मोह पडतो, हेही त्या वर्षी पाहिलं.

ऑक्टोबरमध्ये माझा तेलुगू रूममेट पॉझिटिव्ह निघाला आणि मला चौदा दिवसांसाठी एका रिकाम्या हॉस्टेलात हलवलं. सगळ्या मजल्यावर मी आणि एक सतत बिघडणारा हीटर. दिवसातून तीनदा दारावर टकटक व्हायची आणि दार उघडेपर्यंत माणूस पसार. खाली डबा. मला त्यावरच्या मार्करच्या अक्षरावरून कळायचं की आज काउंटरवर कोण आहे. पहिल्या रात्री आत एक गार सँडविच, एक सफरचंद आणि वाटाणे. नुसत्या नजरेनं सांगितलं असतं, चार औंस. दाणा इकडचा तिकडे नाही.

आईनं व्हिडिओवर डबा दाखवायला लावला. मी कॅमेरा फिरवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"एवढंच? माणसाला जेवायला एवढंच घालतात? कोण मेला वाढतो रे तिकडे?"

"मीच, आई."

आठव्या दिवशी मी बाईंना मेसेज केला की भात जरा जास्त मिळेल का. उत्तर लगेच आलं, तीन लाल बदाम आणि खाली एक वाक्य: चौदा दिवसांनी ये आणि स्वतः वाढून घे. वाढून घेणं बंद होतं हे त्या विसरल्या, की विनोद केला, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच सेमिस्टरचे प्रत्यक्ष वर्ग संपवून पोरांना घरी पाठवलं. हिवाळ्यानंतर परत तेच, वर थंडी. पुढे २०२१ च्या वसंतात केचपच्या पुड्यांचा देशभर तुटवडा पडला, कारण सगळा देशच डब्यातून खात होता. आमच्याकडे त्या पुड्या कुलपात गेल्या, डब्यामागे दोन. चार मागणाऱ्याकडे मी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी यापूर्वी फक्त तूप वाढणाऱ्या काकांच्या डोळ्यांत पाहिली होती.

तिकडे त्याच एप्रिलमध्ये माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं. महाराष्ट्रात तेव्हा नियम होता, पंचवीस माणसं आणि दोन तास. आमच्याकडे पंचवीस माणसं तर नुसती रुसायला लागतात. तेव्हा पंगत उधार राहिली. ती उधारी २०२२ च्या मे महिन्यात, तिच्या मुलीच्या बारशाबरोबर, व्याजासकट फेडायचं ठरलं. मी नेमका सुट्टीवर गावी होतो. मांडव, पट्ट्या, पत्रावळी, मसालेभाताचा वास. काकांनी घमेलं माझ्या हातात दिलं आणि खांद्यावर थोपटून म्हणाले, "जा, अमेरिका दाखव."

पहिल्या पानावर नव्वदीचे एक आजोबा. मी डाव भरला, घमेल्याच्या काठाला घासून वरचा डोंगर सपाट केला, पानाच्या मध्यावर खटकन सोडला आणि पुढे सरकलो.

"ए पोरा."

मी वळलो. आजोबांनी पानाकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरचा आहेस का कंत्राटदाराचा?"